वॉशिंग्टनमधलं माझं पहिलं मत

अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत द्यायची तर शंभर प्रश्नांची यादी पाठ करावी लागायची. प्रत्यक्षात त्यातले जास्तीत जास्त दहा विचारत आणि सहा बरोबर आले की पास. माझ्या वेळी हीच पद्धत होती, २०२५ मध्ये ती बदलली. प्रश्न तसे सोपे. राष्ट्राध्यक्षांची मुदत किती वर्षांची, देशातलं सर्वोच्च न्यायालय कोणतं, झेंड्यावरच्या तेरा पट्ट्यांचा अर्थ काय. विसाव्या प्रश्नाला मात्र मी अडखळले. ‘तुमच्या राज्याच्या एका सिनेटरचं नाव सांगा.’ (सिनेटर म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य.) खाली उत्तराच्या जागी कंसात सूचना होती: डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या (डी.सी., म्हणजे वॉशिंग्टन शहर) रहिवाशांनी ‘आम्हाला सिनेटर नाही’ असं सांगावं. तेविसावा प्रश्न, ‘तुमच्या प्रतिनिधीचं नाव सांगा.’ इथे सूचना अशी की मताधिकार नसलेला डेलिगेट असेल तर त्याचं नाव सांगितलं तरी चालेल, किंवा आम्हाला मत देणारा प्रतिनिधी नाही, असं म्हटलं तरी उत्तर बरोबर. पुढे राज्यपाल कोण आणि राज्याची राजधानी कोणती हे प्रश्न. तिथेही तोच प्रकार. डी.सी.ला राज्यपाल नाही. डी.सी. हे राज्यच नाही, म्हणून त्याला राजधानी नाही.

त्या शहरात मी बरीच वर्षं राहत होते. पेटवर्थ भागात एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची ओळ आहे, त्यातलं एक आमचं. दरवर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारचा प्राप्तिकर आणि शहराचा कर असे दोन्ही भरत होते. रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘प्रतिनिधित्वाशिवाय कर बंद करा’ अशा अर्थाची ओळ रोज दिसत होती. पण ती नजरेखालून जायची. स्वतःच्या तोंडाने सरकारी अधिकाऱ्याला ‘आम्हाला सिनेटर नाही’ हे सांगायची तयारी करायला बसले, तेव्हा ते मला पहिल्यांदा लागलं.

मुलाखत शेजारच्या व्हर्जिनियात, फेअरफॅक्सच्या कचेरीत झाली. नेमका तेविसावा प्रश्न आलाच. मी डेलिगेटचं नाव सांगितलं, एलिनॉर होम्स नॉर्टन. अधिकाऱ्याने मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याशिवाय हे विचित्र वाटतं. राजधानीसाठी कोणत्याही राज्याच्या ताब्यात नसलेला, दहा मैल बाय दहा मैलांपेक्षा मोठा नसलेला एक वेगळा जिल्हा असावा, अशी तरतूद राज्यघटनेतच आहे. १७९० च्या कायद्याने पोटोमॅक नदीकाठची जागा ठरली. तोवर तिथले लोक मेरीलँडचे किंवा व्हर्जिनियाचे मतदार होते. १८०१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, जिल्ह्याचा कारभार पूर्णपणे आपल्याकडे घेतला आणि त्या लोकांचं मत गेलं. नदीपलीकडचा तुकडा १८४६ मध्ये व्हर्जिनियाला परत मिळाला आणि तिथले लोक पुन्हा मतदार झाले. अलीकडचे मात्र तसेच राहिले. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळायला १९६१ ची तेविसावी घटनादुरुस्ती यावी लागली. प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, डेलिगेट पाठवायचा कायदा १९७० चा. स्वतःचा महापौर आणि नगरपरिषद निवडायचा अधिकार १९७३ चा.

हे सगळं मी फोनवर बाबांना सांगितलं. बाबा कराडला असतात. शिक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि निवडणुकीच्या कामावर आयुष्यभर इतक्या वेळा गेलेत की मतदान केंद्राची मांडणी त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. ते म्हणाले, “अगं, दिल्लीला सात खासदार आहेत. लक्षद्वीपची वस्ती ती केवढी, पण त्यांनाही लोकसभेत एक खासदार आहेच की. आणि त्याचं मत इतरांच्या मताएवढंच.” त्यांचं बरोबर होतं. २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास होती. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टनची भरली ६ लाख ८९ हजार. वायोमिंग राज्याची त्याच वर्षीची लोकसंख्या ५ लाख ७७ हजार. वायोमिंगला दोन सिनेटर आणि मत देणारा एक प्रतिनिधी आहे. आम्हाला सिनेटर नाही. गोवासुद्धा १९८७ पर्यंत केंद्रशासित होता, तरी तिथून दोन खासदार लोकसभेत जात आणि पूर्ण मताने बसत.

बाबांनी मग एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. “म्हणजे इथलं पूर्ण मत सोडून तू तिथलं अर्धं घेतेस?” भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशातल्या भारतीयाला पासपोर्ट भारताचा असेपर्यंत मतदार म्हणून नाव लावता येतं, आणि गावी येऊन मत देता येतं. मी दोनदा-तीनदा तसा योग साधला होता. नागरिकत्व बदललं की ते संपतं. नोकरी, मुलीची शाळा, नवऱ्याचं काम, घर, सगळं इथे आहे. निर्णय विचार करूनच घेतला होता, तरी भारतीय पासपोर्ट रद्द करायला पाठवला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शपथविधी शहरातल्याच जिल्हा न्यायालयात झाला, कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवर, कॅपिटॉलच्या (संसद भवनाच्या) पायथ्याशी. मोठी लाकडी दालनं, न्यायाधीशांचं छोटं भाषण, वेगवेगळ्या देशांतून आलेले आम्ही सगळे उजवा हात वर करून उभे. इथिओपियाचे लोक बरेच होते, एल साल्वाडोरचे होते. शपथ झाल्यावर बाहेर एका टेबलाशी दोन स्वयंसेवक बायका मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन उभ्या होत्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, पक्ष, सही. पाच मिनिटांचं काम. त्यातल्या वयस्क बाईंनी माझ्या हातात हात घेऊन अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, “आता तुम्ही आमच्या लढ्यातही आलात.” त्या काय म्हणताहेत ते मला लगेच कळलं. ज्या न्यायालयात मी शपथ घेतली त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २००० साली निकाल दिला होता की डी.सी.च्या नागरिकांना काँग्रेसमध्ये मत असलेलं प्रतिनिधित्व मागण्याचा घटनात्मक हक्क नाही. त्यांनी हा अन्याय नाही असं म्हटलं नव्हतं. तो दूर करायचं काम न्यायालयाचं नाही, एवढंच म्हटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण अनेक मराठी मंडळींना ती माहीत नसते. २०२४ पासून डी.सी.मध्ये नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही शहराच्या निवडणुकीत मत देता येतं. महापौर, नगरपरिषद, शिक्षण मंडळ, वस्तीची सल्लागार समिती, या सगळ्यांसाठी. राष्ट्राध्यक्ष आणि डेलिगेट यांच्यासाठी नाही, कारण ती पदं केंद्राची. कायदा चांगला आहे, पण नागरिकत्वाचा अर्ज चालू असताना कुठलंही मत देऊ नका, कागदावर एकदा ‘मतदान केलं’ असं आलं की पुढे समजावत बसावं लागेल, असं आमच्या वकिलांनी बजावलं होतं. ग्रीन कार्डवर असलेल्या वाचकांनी हा सल्ला आपापल्या वकिलाला विचारूनच पुढे जावं. मी जूनची प्राथमिक निवडणूक (पक्षांचे उमेदवार ठरवणारी) सोडून दिली. त्यामुळे ५ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीतलं मत हे माझं या देशातलं पहिलंच मत.

ऑक्टोबरमध्ये मतपत्रिका टपालाने घरी आली. डी.सी.मध्ये नोंदणी असलेल्या प्रत्येक मतदाराला ती न मागता पाठवतात. लिफाफ्यावर सही करून परत टपालात टाका, रस्त्यावरच्या पेटीत टाका, किंवा ती बाजूला ठेवून स्वतः केंद्रावर जा. मी ती जेवणाच्या टेबलावर पसरून बराच वेळ वाचली. सगळ्यात वर राष्ट्राध्यक्ष. त्याखाली ‘प्रतिनिधीगृहातील डेलिगेट’, आणि चार नावं: डेमोक्रॅटिक पक्षाच्या नॉर्टन, एक रिपब्लिकन, एक स्टेटहूड ग्रीन पक्षाचे, एक अपक्ष. मग नगरपरिषद, वॉर्ड चारचा नगरसेवक. मतपत्रिकेवर आणखी दोन पदं होती, ‘युनायटेड स्टेट्स सिनेटर’ आणि ‘युनायटेड स्टेट्स रिप्रेझेंटेटिव्ह’. आत्ताच तर परीक्षेत सांगून आले होते की आम्हाला सिनेटर नाही!

याचा उलगडा शेजारच्या आजींनी केला. त्या ऐंशी पार केलेल्या, जन्मापासून याच शहरातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या ओसरीवर बसून मतपत्रिका दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटाने दाखवत सांगितलं. हे सिनेटर आणि हे रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे ज्यांना सगळे ‘शॅडो’ म्हणतात ते. १९९० पासून आम्ही त्यांना निवडतो. काँग्रेस त्यांना ओळखत नाही, त्यांना आत आसन नाही, सरकारी पगार नाही. राज्याचा दर्जा मिळावा म्हणून दारोदार फिरणं हेच त्यांचं काम. डेलिगेट मात्र खरी. तिला कचेरी आहे, कर्मचारी आहेत, इतर सदस्यांएवढा पगार आहे, ती शपथ घेते. फक्त मत नाही. (त्या वर्षी शॅडो सिनेटर म्हणून अंकित जैन हे भारतीय वंशाचे तरुण वकील निवडून आले. आपल्या लोकांत त्याची चर्चा फारशी झाली नाही, व्हायला हवी होती.)

आजींनी १९६४ मध्ये पहिल्यांदा मत दिलं. राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायला मिळालेलं वॉशिंग्टनकरांचं ते पहिलं वर्ष, आणि त्या नुकत्याच एकवीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांच्या आईनेही पहिलं मत त्याच दिवशी दिलं, वयाच्या पन्नाशीत. १९७१ च्या मार्चमध्ये डेलिगेटची पहिली निवडणूक झाली तेव्हा रेव्हरंड वॉल्टर फॉन्ट्रॉय यांच्यासाठी त्यांनी चर्चच्या तळघरात बसून पत्रकं घडी केली होती. फॉन्ट्रॉय म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी, १९६३ च्या नागरी हक्कांच्या मोठ्या मोर्चाची इथली व्यवस्था बघणारे. त्यांनी वीस वर्षं ते पद सांभाळलं, मग नॉर्टन आल्या. आजी म्हणाल्या, “आम्हाला हक्क हप्त्याहप्त्याने मिळाले. शेवटचा हप्ता राहिलाय, तो मी असताना यावा.” १९७८ मध्ये काँग्रेसने डी.सी.ला पूर्ण प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती मंजूर केली होती. अडतीस राज्यांची संमती लागणार होती. १९८५ मध्ये मुदत संपली तेव्हा सोळा आली होती. हे आकडे आजींना तोंडपाठ आहेत.

कृष्णवर्णीयांचं शहर म्हणून त्याला मत मिळत नाही, असं त्या स्पष्ट म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक दशकं इथे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती, आणि या शहराचा कारभार काँग्रेसच्या ज्या समितीकडे असे तिच्यावर दक्षिणेतल्या राज्यांचे वर्णभेदवादी खासदार वर्षानुवर्षं ठाण मांडून होते. आज त्यात पक्षाचं गणितही आहे, डी.सी.चे दोन सिनेटर झाले तर ते कोणत्या पक्षाचे असतील हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजींचं ऐकून घेतल्यावर मला त्यात काही चुकीचं दिसत नाही.

डेलिगेटसाठी मत कोणाला द्यायचं यावर मी खरोखर विचार केला. माझा ऑफिसमधला एक सहकारी म्हणाला, मत नसलेल्या पदासाठी एवढं काय वाचायचं, शोभेचं पद आहे. हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते. डेलिगेट विधेयक मांडू शकते, सभागृहात बोलू शकते, समितीत बसते आणि समितीत तिला पूर्ण मत असतं. कायदा घडतो तो बराचसा समितीतच. नॉर्टनबाईंनी १९९९ मध्ये एक कायदा करून घेतला. डी.सी.त राज्य विद्यापीठांचं जाळं नाही, म्हणून इथल्या मुलांना दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात जायचं झालं तर परराज्याची भरमसाट फी पडायची. त्या कायद्याने फीतला फरक भरून काढायला वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्याच पैशांवर व्हर्जिनियात शिकली. तिच्या आईला विचारा, हे पद शोभेचं आहे का.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. डी.सी.ला राज्य करणारं विधेयक, एच. आर. ५१, हे नॉर्टन यांचं. जून २०२० मध्ये प्रतिनिधीगृहाने ते २३२ विरुद्ध १८० ने मंजूर केलं, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा २१६ विरुद्ध २०८ ने. सिनेटमध्ये ते अडलं. ज्या बाईंनी ते लिहिलं, सभागृहात उभं राहून मांडलं, त्यांना त्यावर दोन्ही वेळा मत देता आलं नाही. काही वर्षं डेलिगेटना एक मधला अधिकार होता. संपूर्ण सभागृह समिती म्हणून बसतं तेव्हा दुरुस्त्यांवर त्या मत देऊ शकत. पण त्यांच्या मतामुळेच निकाल फिरणार असेल तर त्यांना वगळून पुन्हा मतदान. तोही अधिकार बहुमत बदललं की जातो, परत येतो. १९९३ मध्ये मिळाला, १९९५ मध्ये गेला, २००७ मध्ये आला, २०११ मध्ये गेला, २०१९ मध्ये आला, २०२३ मध्ये पुन्हा गेला.

नॉर्टन तेव्हा सत्याऐंशी वर्षांच्या होत्या. वयाचा मुद्दा माझ्या मनात होता आणि तो असण्यात अनादर नाही. जिच्याकडे मत नाही तिच्याकडे आवाज, ओळखी आणि चिकाटी हीच साधनं. त्यासाठी अंगात ताकद लागते. दुसरीकडे, ही बाई १९६३ मध्ये मिसिसिपीत नागरी हक्कांच्या कामाला गेलेली, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात समान रोजगार संधी आयोगाची पहिली महिला अध्यक्ष झालेली, आणि सभागृहाचे नियम कोळून प्यालेली. अपक्ष आणि ग्रीन उमेदवारांचं म्हणणंही मी वाचलं. नव्या माणसाची गरज आहे हे त्यांचं म्हणणं मला मान्य होतं. शेवटी मी नॉर्टन यांनाच मत द्यायचं ठरवलं, कारण त्या वर्षी हातातलं अनुभवी माणूस सोडायची मला भीती वाटली. त्या जवळपास ऐंशी टक्के मतांनी निवडून आल्या.

टपालाने मत देणं सोपं होतं. तरी मी केंद्रावर गेले. मुदतपूर्व मतदानाचा आठवडा होता. वस्तीतल्या क्रीडा केंद्राच्या बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलं मांडलेली. शहरातल्या कुठल्याही मतदाराला कुठल्याही केंद्रावर मत देता येतं, त्यामुळे रांगेत शहराच्या चारही कोपऱ्यांतले लोक होते. टॅबलेटवर नाव शोधलं, सही घेतली, कागद हवा की यंत्र हे विचारलं. मी कागद मागितला. काळ्या पेनाने लंबगोल भरायचे. डेलिगेटच्या रकान्यात पेन टेकवलं तेव्हा मनात भलतंच भरून आलं. कराडला मी बटण दाबायची आणि यंत्र लांब आवाज करायचं. इथे भरलेला कागद स्वतः स्कॅनरच्या फटीत सरकवला, आणि पडद्यावर आपली मतपत्रिका मोजली गेल्याचं आलं. शेजारी एक बाप आपल्या छोट्या मुलाला उचलून कागद आत जाताना दाखवत होता. बाहेर पडताना स्टिकर मिळालं. बोटाला शाई नव्हती, तर बाबांना फोटोत तेच पाठवलं. बाबांनी उलट फोन करून एकच विचारलं, केंद्रावर पक्षांचे प्रतिनिधी बसतात का.

हिवाळ्यात मी मुलीला घेऊन प्रतिनिधीगृहाची प्रेक्षक गॅलरी बघायला गेले. गॅलरीचा पास आपल्या प्रतिनिधीच्या कचेरीतून घ्यायचा असतो. आमच्यासाठी डेलिगेटची कचेरी तो देते. फोन, पिशव्या सगळं बाहेर जमा. वर बसलं की खालचं सभागृह वाटतं त्यापेक्षा लहान दिसतं. एका विधेयकावर मतदान सुरू झालं. सदस्य गप्पा मारत येतात, खुर्च्यांच्या पाठीशी असलेल्या खाचेत कार्ड घालतात, बटण दाबतात. समोर भिंतीवर नावांपुढे हिरवा किंवा लाल दिवा लागतो. मुलीला मी आधी सांगून ठेवलं होतं, तरी तिने विचारलंच, “आपलं नाव कुठलं?” मी तिला सांगितलं की खालच्या चारशे पस्तीस सदस्यांपैकी कोणीही आपल्या शहरातून आलेला नाही. त्यांच्यात एक मराठी माणूस आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ च्या निवडणुकीत डेट्रॉईटमधून निवडून आले. आमच्या शहराच्या कायद्यांवर, आमच्या अंदाजपत्रकावर ते मत देऊ शकतात. मी त्यांना किंवा त्यांच्या शेजारी बसलेल्या कुणालाही जाब विचारू शकत नाही, कारण मी त्यांची मतदार नाही.

याचा अर्थ काय होतो ते मार्च २०२५ मध्ये आमच्या घरापर्यंत आलं. केंद्र सरकार चालू ठेवण्यासाठी काँग्रेसने जे खर्चाचं विधेयक आणलं, त्यात डी.सी.ला स्वतःचा मंजूर अर्थसंकल्प खर्च करू देणारी नेहमीची तरतूद नव्हती. आर्थिक वर्ष निम्मं सरलेलं, आणि शहराला आदल्या वर्षीच्या पातळीवर जा असा आदेश. सुमारे १.१ अब्ज डॉलरची कात्री. हे पैसे केंद्राचे नव्हते. आम्हीच शहराला भरलेले मालमत्ता कराचे, विक्री कराचे, प्राप्तिकराचे. त्यातून केंद्राचा एक डॉलरही वाचणार नव्हता. प्रतिनिधीगृहात विधेयक २१७ विरुद्ध २१३ ने गेलं.

मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर त्या रात्री झोप कोणालाच नव्हती. शिक्षकांच्या नोकऱ्या जातील का, उन्हाळी वर्ग होतील का. दुसऱ्या दिवसापासून लोक मुलांना घेऊन सिनेटच्या इमारतींत गेले, कॉरिडॉरमध्ये मुलांनी हाताने लिहिलेले फलक धरले. मी फोन करायला बसले. सिनेटरच्या कचेरीत फोन लावला की पहिला प्रश्न पिन कोड. आमचा आकडा ऐकला की पलीकडचा तरुण मुलगा नम्रपणे सांगतो, तुम्ही आमच्या राज्यातल्या नाही, तुमचा निरोप नोंदवून घेतो. त्यांचीही चूक नाही. त्यांना त्यांच्या मतदारांचे फोन मोजायचे असतात.

मग मी माझी फोनची यादी काढली. न्यू जर्सीतल्या एडिसनची मैत्रीण, डॅलसचा मावसभाऊ, मराठी मंडळाच्या अधिवेशनात भेटलेलं फिनिक्सचं जोडपं, शिकागोजवळची कॉलेजची वर्गमैत्रीण. एकेकाला समजावून सांगितलं. बहुतेकांना धक्का बसला. इथे पंधरा-पंधरा वर्षं राहिलेल्यांना माहीत नव्हतं की राजधानीतल्या लोकांना सिनेटर नसतो. डॅलसच्या भावाचं आणि माझं राजकारण जुळत नाही, आम्ही जेवताना तो विषय काढत नाही. पण तो म्हणाला, “तुमचेच पैसे तुम्हाला वापरू देत नाहीत? हे बरोबर नाही, ताई. सांग कोणाला फोन करू.” त्याने दोन्ही सिनेटरांच्या कचेऱ्यांत फोन केले. तो मतदार होता, त्याचा पत्ता त्यांनी लिहून घेतला.

१४ मार्चला सिनेटने डी.सी.चा अर्थसंकल्प पूर्ववत करणारं वेगळं विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. दोन्ही पक्षांचे लोक त्यात होते. पुढे राष्ट्राध्यक्षांनीही प्रतिनिधीगृहाने ते लगेच संमत करावं असं जाहीरपणे म्हटलं. प्रतिनिधीगृहाने ते पटलावर घेतलंच नाही. एप्रिलमध्ये महापौरांनी नोकरभरती आणि जादा कामाचे पैसे थांबवले, २००९ च्या एका कायद्याचा आधार घेऊन कात्री बरीच लहान केली. ऑगस्टमध्ये केंद्राने शहराचं पोलीस दल तीस दिवसांसाठी आपल्या हाती घेतलं आणि नॅशनल गार्डचे जवान आमच्या मेट्रो स्टेशनांवर उभे राहिले, तेव्हाही आम्हाला विचारणारं कोणी नव्हतं.

त्या काळात डेलिगेटच्या कचेरीत फोन केला की कुणीतरी उचलत होतं आणि पिन कोड ऐकून थांबत नव्हतं. विधेयक कुठे अडलंय, कोणत्या समितीतल्या कोणाला लोकांनी लिहावं, हे ते सांगत. मत नसलेल्या कचेरीचा एवढा उपयोग मी स्वतः घेतला आहे, म्हणून मी कोणी ‘कशाला मत द्यायचं’ म्हटलं की भांडते.

विधेयक तसंच पडून राहिलं. एडिसनच्या मैत्रिणीने तिच्या प्रतिनिधीचा नंबर फोनमध्ये कायमचा ठेवला आहे. डी.सी.चं काही पटलावर येणार असं कळलं की मी तिला विधेयकाचा क्रमांक पाठवते, आणि ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावते.